दोन खाचा

साहेब, तुम्ही गोळा न उघडता लिहिलं.

छापील कागदावर, शेवटच्या रकान्यात, निळ्या शाईनं लिहिलं: 'महिला उमेदवार. डिफेंशलमध्ये आवाज. काम असमाधानकारक.' लिहिताना तुमच्या पॅन्टची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. तुम्ही गाडीखाली वाकला नाहीत, एक नट सोडवून पाहिला नाहीत, जिनं काम केलं तिला कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाहीत. आवाज आला, एवढंच तुमच्या कानांनी ऐकलं. तो कोणाच्या हातून आला, हे तुमच्या पेनानं परस्पर ठरवलं. खरं काय झालं ते सौंदडच्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला आज माहीत आहे. एक तुमच्या कागदालाच माहीत नाही. तर आता ऐका.

सौंदडला स्टेशनाकडून मोठ्या रस्त्याला येताना डाव्या हाताला टिनाचा एक शेड लागतो. त्यावर पाटी नाही. पाटीची कधी गरजच पडली नाही. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी गोळा असतो, इंजिनाचा जोर त्यात येतो आणि दोन्ही चाकांना वाटला जातो; त्याला डिफेंशल म्हणतात. ज्याचा गोळा रडायला लागला, तो देवरीचा असो की नवेगावचा, गाडी थेट या शेडवर आणायचा. इंजिनवाले गल्लोगल्ली आहेत. पण गोळ्यातल्या मोठ्या दातेरी चाकाचा, क्राऊनचा दात आणि लहान चाकाचा, पिनियनचा दात एकमेकांना नेमके कुठं टेकतात ते जुळवून देणं, हे या पट्ट्यात एकट्या शालिकराम मिस्त्रीचं काम. रायपूरला एका सरदारजी उस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षं रॉकेलमध्ये बेरिंगा धुऊन तो ते शिकला होता. उस्ताद शिव्या आधी द्यायचा आणि पाना नंतर.

यंदा परतीच्या पावसानं कापायला आलेलं धान आडवं केलं. लोंब्या चिखलात गेल्या, बांध्यांतून, धानाच्या त्या लहान शेतांतून, पाणी हटेना. धान घरी आलं नाही म्हणून पोती वाहणाऱ्या पिकअप निघाल्या नाहीत, आणि पिकअप निघाल्या नाहीत म्हणून कोणाचा गोळा रडला नाही. शालिकराम दिवसभर स्टुलावर बसून टिनावरून गळणारं पाणी ऐकायचा. त्याची बायको अंजना सकाळी लोकांच्या बांधीत आडवं धान कापायला जायची. चिखलात वाकून वाकून दुपारी यायची तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर पात्यांचे बारीक लाल ओरखडे असायचे. बोअरवर पाय धुवायची, शिळा भात चटणीसोबत खायची आणि शेडात येऊन पान्यांना तेल पुसायची.

अशा एका दुपारी वीरेंद्रनं आपली काळीपिवळी शेडसमोर आणून लावली. सौंदड ते अर्जुनी सवारी मारणारा, गोंदियाचा, अर्धा हिंदी अर्धा इकडचा. काच खाली करून त्यानं विचारलं, "भाभी किधर है, भाऊ?"

"मी बसलो हाव ना समोर," शालिकराम म्हणाला. "का दिसत नाही तुले?"

"दिखते ना भाऊ. पर गोळा गुर्रा रहा है. नाल्यातून गाडी काढली कल, पाणी घुसलं असन. भाभीले दाखवा लागते."

"तो गोळा माया हाताचा हाय."

"हाथ तुम्हारा, आँख भाभी की," वीरेंद्र हसला आणि बोअरकडे पाहून ओरडला, "भाभी! मक्खन बना दो जरा!"

अंजना पदरानं हात पुसत आली. आल्या आल्या नवऱ्याकडे हात करून म्हणाली, "यायलेच विचारा ना. काम यायच्याच हाताचं हाय."

शालिकरामनं हातातला पाना टेबलावर टाकला. फार जोरात नाही. पण लोखंडावर लोखंड पडलं म्हणजे आवाज होतोच.

ते काम कसं असतं ते तुम्हाला सांगावं लागेल, साहेब, कारण तुम्ही ते पाहिलेलं नाही. क्राऊनच्या चार-सहा दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. क्राऊनला फडक्यानं थोडं दाबून अडवायचं आणि पिनियन हातानं फिरवायची. दात दाताला जिथं टेकतो तिथला शेंदूर निघून जातो, लोखंड उघडं पडतं. तो उघडा डाग काय बोलतो ते वाचायचं. डाग दाताच्या माथ्यावर आला तर पिनियन दूर राहिली. मुळाशी गेला तर फार आत घुसली. बाहेरच्या जाड टोकाला सरकला तर क्राऊन लांब पडला. मधोमध, धानाच्या दाण्यासारखा लांबट डाग आला, की ती गाडी लाख किलोमीटर तोंडातून शब्द काढणार नाही.

शेंदूर अंजना गोंदियाच्या बाजारातून आणायची, पूजेच्या दुकानातून. दुकानदार दरवेळी विचारायचा, "कौनसे देवता को चढाना है, बाई?" ती म्हणायची, "जुन्या गाडीले." शेजारची शामकला तर तोंडावरच बोलली होती: "बाबासाहेबाच्या फोटोखाली शेंदराची डबी! वा वो अंजना!" त्यावर अंजना म्हणाली होती, "कोणाच्या पाया पडाले नाही आणला, शामकलाबाई. दात पाहाले आणला."

पाच वर्षांपूर्वी शालिकरामच्या डोळ्यांपुढं धूर दिसायला लागला. आधी वाटलं, वेल्डिंगचा असेल. मग धूर घरातही दिसायला लागला, जेवणाच्या ताटातही. त्यानं कोणाला सांगितलं नाही. दात शेंदरानं रंगवायचा, पिनियन फिरवायचा, आणि जणू काही सहज, बिडी पेटवता पेटवता अंजनाला विचारायचा, "कुठं आला?"

ती वाकून पाहायची. "वरच्या अंगाले."

"म्हणजे पिनियनच्या मागं जाड पत्री पायजे," तो म्हणायचा आणि तिला डब्यातून तेवढ्या जाडीची ती पत्र्याची चकती शोधायला लावायचा.

होता होता ती डागासोबत पत्रीही सांगायला लागली. मग न विचारता सांगायला लागली. मग त्यानं विचारायच्या आधीच पत्री बदलून मोकळी व्हायला लागली. हे नेमकं कोणत्या दिवशी झालं ते शालिकरामला आठवत नव्हतं, आणि हेच त्याला कुरतडत होतं. चोरी झाली असती तर तारीख सांगता आली असती.

आणखी एक गोष्ट होती. ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. क्राऊनवर वाकली की अंजनाचा चेहरा बदलायचा. खालचा ओठ दातात धरायची, डोळे बारीक करायची, कपाळावरची शीर दिसायची आणि मग डाग मधोमध आला की गालाच्या एका बाजूनं हळूच हसायची. धुरातूनही त्याला तेवढं दिसायचं. बावीस वर्षं संसार झाला, पण हा चेहरा तिनं घरी कधी आणला नव्हता. पोरीच्या, रीनाच्या जन्माच्या वेळीही नाही. तो चेहरा लोखंडासाठी होता. आणि लोखंड तर त्याचं होतं! शालिकराम स्टुलावर बसून ते हसू पाहायचा आणि रात्री भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवायचा.

दिवाळीआधी तुमच्या कार्यालयाची जाहिरात आली. सरकारी गाड्यांच्या दुरुस्तीसाठी गावोगावच्या कारागिरांची यादी करायची होती. यादीत नाव आलं तर पाऊस पडो की धान बुडो, शेडात वर्षभर काम. अर्ज भरायला त्यांची पोरगी रीना मोबाइल घेऊन बसली. कॉलेजात जाणारी, तोंडानं चटचटीत.

"बाबा, दहावी पास पायजे."

"मंग?"

"मंग काय? तुमी चौथी. आई दहावी पास हाय."

शालिकरामनं थोडा विचार केला. "टाक आईचं नाव. नावच तं टाकाचं हाय. काम मी करीन."

चूक इथं झाली. घरपट्टीच्या पावतीवर, बचतगटाच्या वहीत, राशनकार्डावर बायकोचं नाव टाकायची त्याला सवय होती. नाव म्हणजे नुसतं नाव, असं त्यानं धरलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. उमेदवारानं काम स्वतः करायचं. तुमच्या माणसानं एक जुनी सरकारी जीप शेडासमोर आणून उभी केली आणि सांगून गेला: तीन दिवसांत डिफेंशल दुरुस्त करा, तिसऱ्या दिवशी साहेब चालवून पाहतील. तो गेल्यावर शालिकरामनं बाह्या वर केल्या.

"सरक. कोण पाहून राहिलं इथं?"

अंजना जीपच्या मागं उकिडवी बसून खालचा बोल्ट सोडवत होती. तिनं मान वर केली नाही. "नाही. नाव मायं हाय, तं कामबी मायं."

"लई आली कामवाली!"

"ट्रे द्या तो इकडं."

त्यानं ट्रे दिला. गोळ्यातून तेल निघालं ते दूध घातलेल्या चहासारखं. आत पाणी गेलं होतं. बेरिंगा खरवडलेल्या, दातांना गंज. पहिला दिवस उघडण्यात आणि धुण्यात गेला. दुसऱ्या दिवशी नवी बेरिंग बसवायला तिनं पाइपाचा तुकडा लावला आणि घण मारला. घण घसरून अंगठ्यावर आला. नख काळंनिळं झालं. तिनं अंगठा तोंडात धरला, थुंकली आणि म्हणाली, "पाइप धरा जी जरा."

त्यानं धरला. नऊ वर्षं उस्तादाचा पाइप धरला होता, आता बायकोचा धरला. तिनं घण मारला की त्याच्या मनगटाला झिणझिण्या यायच्या, आणि तिची चूक व्हावी म्हणून तो वाट पाहायचा. पत्री चुकेल. नट जास्त कसला जाईल. चुकली असती तर तो उठला असता, तिला बाजूला केलं असतं, 'हट' म्हटलं असतं. तिला 'हट' म्हणण्यासाठी त्याचे ओठ दोन दिवस तयार होते. ती चुकली नाही. एक पत्री घातली, डाग माथ्यावर आला, ती काढली, दुसरी घातली, मुळाशी गेला, तिसरी घातली. चिखलात धान वेचावं तशी न कंटाळता, न बोलता.

तिसऱ्या दिवशी सकाळी डाग मधोमध आला.

तोवर वीरेंद्र आणि दोन पिकअपवाले येऊन उभे राहिले होते. गोळा टेबलावर होता. वीरेंद्रनं वाकून पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "एकदम चिन्नोर धान का दाना!"

अंजना हसली. तेच हसू, गालाच्या एका बाजूचं. तिनं काडीनं थोडा शेंदूर घेतला आणि क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या, कडेला खाचा असलेल्या नटांवरून खालच्या लोखंडापर्यंत एकेक बारीक रेघ ओढली. खूण म्हणून. नट कुठवर कसला होता ते कळावं म्हणून.

"भाऊ," वीरेंद्र शालिकरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अब तुम चूल्हा संभालो. भाभी गैरेज चलायेगी."

पिकअपवाले खो-खो हसले. शालिकरामही हसला. माणूस चारचौघांत अशा वेळी हसतो. मग ते गेले. अंजनाही जेवायला घरी गेली. "जेवून आली की गोळा चढवू. साहेब दोन वाजता येते," असं सांगून गेली.

ऊन पडलं होतं. टिन तापलं होतं. शेडात तो आणि गोळा, दोघंच.

त्यानं गोळ्यावर हात ठेवला. लोखंड अजून तिच्या हाताचं गरम वाटत होतं. बोटांनी चाचपून त्यानं नट जागचा हलू नये म्हणून लावलेली लॉकपत्ती शोधली, तिचा बोल्ट सोडवला. डाव्या बाजूचा नट बाहेर घेतला. एक खाच. दोन खाचा. मग हाताला जी सवय होती तिनंच उजव्या बाजूचा नट तेवढाच आत कसला, म्हणजे क्राऊन तेवढाच पिनियनपासून लांब सरकला. एक खाच, दोन खाचा. लॉकपत्ती परत लावली. या कामाला डोळे लागले नाहीत. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं कोणाला न विचारता गोळ्याला हात लावला होता, आणि हात एकदाही अडखळला नाही. शेंदराच्या त्या दोन बारीक रेघा मात्र त्याला दिसल्या नाहीत.

अंजना आली. "धरा," म्हणाली. दोघांनी मिळून गोळा जीपला चढवला.

मग तुम्ही आलात, साहेब, साडेतीनला. पांढऱ्या गाडीतून उतरलात, नाकाला रुमाल लावलात आणि विचारलंत, "अंजना कोण?" तिची लाल बोटं पाहून तुम्हाला आधी वाटलं, रक्त आहे. मग तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसलात, ती मागं बसली, आणि जीप कोहमाऱ्याच्या दिशेनं निघाली.

शालिकराम रस्त्याच्या कडेला उभा राहिला. डोळ्यांना जीप दोनशे फुटांवरच विरघळली, पण कान शाबूत होते. चाळीसच्या वर गेल्याबरोबर सुरू झालं. हूंऽऽऽ. बांधीत चारी पाय रुतलेल्या रेड्यासारखं. ॲक्सिलेटर सोडला की आतून खट्ट. शेंगदाणेवालाही मान वर करून पाहायला लागला.

जीप परत आली. अंजना उतरली तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तुम्ही बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होता.

"साहेब, उघडून पाहा," ती म्हणाली. "एक घंटा द्या. गोळा काढतो, शेंदूर लावतो, डाग दाखवतो तुमाले. सकाळी बरोबर होता."

"सकाळचं कोण पाहायला आलं होतं? आवाज मी आता ऐकला."

"आवाज हाय जी. मीबी ऐकला. पण उघडून पाहा ना. कायचा हाय ते पाहा."

"हे पाहा बाई, प्रत्येकाला प्रत्येक काम जमत नाही. आमच्याकडे शिवणकामाचीही योजना आहे." एवढं बोलून तुम्ही शालिकरामकडे वळलात. "तुम्ही तर जुने मिस्त्री म्हणे. बायकोला कशाला पुढं केलं?"

हेच ऐकायला तो तीन दिवस भुकेला होता. त्याला वाटलं होतं, हे वाक्य कोणी बोललं की छातीतला दगड उतरेल. दगड जागचा हलला नाही. त्याच्या तोंडून फक्त "हो जी" निघालं.

अंजनानं वळून त्याच्याकडे पाहिलं. 'हो जी' हे कशाचं उत्तर आहे, ते तिला कळलं नाही. तेव्हा नाही.

'जीप परवा दुसरा गॅरेजवाला ओढून नेईल' असं सांगून तुम्ही गेलात. तुमच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत ती जीपखाली शिरली होती. तेल काढलं, चाकांकडे जाणारे दोन्ही बाजूंचे दांडे ओढले. गोळा उतरवायला तिनं शालिकरामला बोलावलं नाही, वीरेंद्रला हाक मारली. गोळा टेबलावर आला. शेंदूर लावला, फिरवला. डाग बाहेरच्या जाड टोकाला.

तिनं मोबाइलची बत्ती लावून नटाकडे नेली आणि तशीच थांबली. सकाळची शेंदराची रेघ तुटली होती. अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर, मध्ये दोन खाचांचं अंतर. दुसऱ्या बाजूला बत्ती नेली. तिथंही तेच.

"किसी ने दुश्मनी निकाली, भाभी," वीरेंद्र कुजबुजला. "उस तिराहे के गैरेजवाले ने..."

"दुश्मन असता," अंजना हळू बोलली, "तं एक नट ढिला केला असता नं पळाला असता. बेरिंगबी खुळखुळली असती. यानं इकडून दोन खाचा सोडल्या, तिकडून दोन खाचा कसल्या. बेरिंग जागच्या जागी हाय. बिघडवाचं होतं, तरी बेरिंगले धक्का नाही लावला." तिनं बत्ती बंद केली. "असा हात या रोडवर एकाच माणसाचा हाय."

वीरेंद्रनं शालिकरामकडे पाहिलं. मग खिशातली चावी काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि सवारी थांबली असेल असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

टिनावर चिमण्या नाचत होत्या. शालिकराम स्टुलावर बसून होता. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, गाव गोळा करेल. अंजनानं पाना उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

"फिरवा मागं."

तो उठला. नट चाचपले. डावा दोन खाचा आत, उजवा दोन खाचा बाहेर. तिनं शेंदूर लावला, पिनियन त्यालाच फिरवायला लावली. फिरवून झाली आणि पाच वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "कुठं आला?"

"तुमीच पाहा."

तो वाकला. आणखी वाकला. नाकाला शेंदूर लागला तरी वाकतच राहिला. समोर लाल होतं. नुसतं लाल.

"मले दिसत नाही," तो म्हणाला.

"हे मले पाच सालापासून माहीत हाय." तिचा आवाज आता फाटला. "कोणाले सांगतलं का मी? इतके ड्रायव्हर येते, एकाले तरी? पाच साल झाले, 'यायच्याच हाताचं हाय' म्हणून सांगून राहिली. माया तोंडाले फेस आला सांगून सांगून! अना तुमी? कायले केलं हे? बोला!"

शालिकराम पाना हातात घेऊन उभा होता, नाकावर शेंदूर घेऊन. मग पाना टेबलावर ठेवून म्हणाला: "त्या गोळ्याकडं तू जशी पाहतेस... तशी मायाकडं कदी पाहिलंच नाही."

अंजना त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गोळ्यात काय बिघडलं ते डागावरून कळते. तुमी तं तोंडच उघडत नाही." आणि काळं पडलेलं नख दुसऱ्या हातात दाबून ती खाली बसली. रडली नाही. मग उठून फडक्यानं हात पुसत म्हणाली, "उद्या गोंदियाले साहेबाच्या हाफिसात जावाचं हाय. तुमी सांगान. मी नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी काळीपिवळीच्या मागच्या सीटवर, पोत्यात गुंडाळलेला गोळा ठेवून तिघंही गोंदियाला आले. वीरेंद्रनं सवारी घेतली नाही. कार्यालयाच्या पायऱ्यांवर शालिकराम आणि वीरेंद्र दोघं गोळा धरून हाशहुश करत चढले. शिपाई आडवा आला, "ए, हे काय बॉम्ब हाय का?" तुमच्या टेबलावर तो ठेवला तेव्हा टेबलाची काच करकरली. तुम्ही खुर्ची मागं सरकवलीत.

"सरकारी गाडीचा पार्ट उघडून आणला? कोणाच्या परवानगीनं?"

शालिकरामनं टोपी काढली. बाहेर कारकून होते, दारात तीन-चार लोक अर्ज घेऊन उभे होते, सगळ्यांनी ऐकावं एवढ्या मोठ्यानं तो बोलला. कमी दिसायला लागल्यापासून त्याला मोठ्यानंच बोलायची सवय होती.

"साहेब, यायचं काम बरोबर होतं. मी बिघडवलं. दोन खाचा फिरवल्या, दुपारी, त्या जेवाले गेल्यावर. मायं पोट दुखलं म्हणून. मायं जे कराचं ते करा. पण तो कागद खोटा हाय. त्यायचं नाव लिहा."

दारात कोणीतरी हसलं. तुम्हीही थोडे हसलात. "नवरा-बायकोचं भांडण घरी मिटवा. यादी वर गेली. आणि आज तुम्ही असं म्हणता, उद्या दुसरं म्हणाल. मी कोणावर विश्वास ठेवायचा?"

"कोणावरच नोका ठेवू," अंजना म्हणाली.

ती तोवर मागं भिंतीशी उभी होती. पुढं आली. पिशवीतून शेंदराची डबी काढली, तुमच्या टेबलावरचा कालचा पेपर ओढून गोळ्याखाली सारला आणि सहा दातांना बोटानं शेंदूर फासला. तिनं फडकं क्राऊनवर दाबून धरलं आणि पिनियनचं तोंड तुमच्याकडे केलं.

"फिरवा."

"मी?"

"तुमीच. मी फिरवलं तं म्हणान बाईनं फिरवलं. यायनं फिरवलं तं म्हणान नवऱ्यानं फिरवलं. तुमी फिरवा."

तुम्ही रुमाल शोधलात. मग, सगळे पाहत होते म्हणून, दोन बोटांनी पिनियन धरलीत. जमली नाही. मुठीनं धरलीत. फिरली. तुमच्या तळहाताला तेल लागलं, बाहीच्या टोकाला लाल ठिपका लागला. गोळ्यातून काही आवाज आला नाही, साहेब. दात दातावरून सरकत गेले, एवढंच.

अंजनानं फडकं काढलं. शेंदरातून लोखंड उघडं पडलं होतं. ती वाकली नाही, तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिला माहीत होतं. तुम्ही शालिकरामकडे पाहिलंत, तो सांगेल म्हणून. त्याला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. तो टोपी हातात घेऊन तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. वीरेंद्रनं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"तुमी लिहून मोकळे झाले," अंजना म्हणाली. "काम बिघडलं म्हणून लिहिलं. तं बिघडलेलं कसं दिसते नं बरोबर कसं दिसते, हे तुमाले माहीतच असन. हा दात हाय. हे बाहेरचं टोक, हे आतलं, हा माथा, हे मूळ. आता पाहा नं सांगा मले, साहेब. डाग कुठं आला?"

तुम्ही कागदांखाली पेन शोधत राहिलात. त्याला आज तेवीस दिवस झाले. गोळा तुमच्या टेबलावरच आहे, शेंदूर वाळला आहे, जीप ओढून न्यायला कोणी आलंच नाही, ती सौंदडला गोळ्यावाचून उभी आहे, आणि ती बाई दर सोमवारी पायऱ्या चढून येते, तुमच्यापुढं उभी राहते आणि तेवढंच विचारते. शालिकराम खाली पायरीवर बसून असतो, उत्तर ऐकायला.

बोला, साहेब. डाग कुठं आला?